अळंबी, मुळ्या आणि मात्रा : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अळंबीचे प्रश्न जास्त असतात, पाऊस सरल्यावर मुळ्यांचे. या वेळी दोन्ही एकत्र घेतले आहेत. औषध आणि जिन्नस यांची नावं जशी पत्रांत होती तशीच ठेवली आहेत. वाचकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : श्रावणात वारुळावरची अळमी आम्ही दरवर्षी खातो. यंदा गड्याने काजूच्या बागेतून वेगळीच अळमी आणली. आई म्हणते, चांदीचं नाणं घालून शिजवावी, नाणं काळं पडलं तर फेकून द्यावी. हे खरं का? आणि बाधा झालीच तर पहिलं काय करायचं? (एक वाचक, कणकवली)

नाणं काळं पडतं ते गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळवंडतो, म्हणून अंडं कोणी विषारी ठरवत नाही. अळंबीतलं सगळ्यात घातक विष म्हणजे अमाटॉक्सिन, आणि चांदीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. लसणीची पाकळी, तांदळाचे दाणे, गोगलगाईने कुरतडलेली छत्री, या खुणाही तितक्याच कुचकामी. गोगलगाईला जे पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. हे विष उकळून किंवा वाळवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही.

वारुळावरची अळमी ओळखायला सोपी, कारण ती वाळवीनेच जोपासलेल्या बुरशीची असते. तिचा देठ मातीत लांब मुळीसारखा खोल जातो आणि थेट वाळवीच्या घरट्याला भिडतो. छत्रीच्या मध्यावर टोक असतं. देठाच्या बुडाशी पिशवी नसते. यासाठी अळमी कधी मातीलगत खुडून ओळखू नये, बोटं खाली घालून पूर्ण उकरून पाहावी. खुडली तर बुडाची पिशवी, म्हणजे अमॅनिटा या घातक विषारी अळंब्यांच्या जातीची मुख्य खूण, मातीतच राहते आणि टोपलीत दिसायला सगळ्या सारख्याच येतात. गड्यांच्या हातून चूक होते ती बहुतेक इथेच.

दुसरी तपासणी बीजाणूंच्या ठशाची. उमललेली छत्री देठापासून वेगळी करा, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका आणि रात्रभर राहू द्या. हिरवट ठसा उमटला तर ती क्लोरोफायलम, अंगणात आणि गवतात उगवणारी मोठी पांढरी छत्री. ती खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पांढरा ठसा, देठावर कडं आणि बुडाशी पिशवी, हे तिन्ही एकत्र दिसलं तर हातसुद्धा धुवून टाका. वारुळावरच्या अळमीचा ठसा गुलाबीसर असतो, पण काही विषारी जातींचाही तसाच. म्हणजे ठशाने अळमी नापास करता येते, पास करता येत नाही. तुमच्या काजूच्या बागेतली अळमी घरात आजवर कोणी खाल्लेली नाही, एवढं कारण ती टाकून द्यायला पुरेसं आहे.

बाधा झाल्यास घड्याळ बघा. दोन-तीन तासांत उलट्या झाल्या तर त्रास खूप होतो, पण बहुधा माणूस वाचतो. सहा तासांनंतर, म्हणजे रात्री खाऊन पहाटे जुलाब लागले, तर धोका खरा. यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, घरचे रुग्णाला परत घेऊन येतात, आणि तेव्हाच यकृत निकामी होत असतं. ताक, चिंचेचं पाणी, तूप पाजत बसू नये आणि बोटं घालून उलटी करवू नये. १०८ ला फोन करा. त्या पंगतीत जेवलेले सगळे, ज्यांना काही झालेलं नाही तेही, रुग्णालयात न्या. उरलेली भाजी आणि न शिजवलेली अळमी कागदी पिशवीतून सोबत घ्या, प्लॅस्टिकमध्ये तिचा चिखल होतो. डॉक्टरांना खाल्ल्याची नेमकी वेळ सांगा आणि यकृताची तपासणी व रक्त गोठण्याची पी.टी.-आय.एन.आर. तपासणी पुन्हा पुन्हा करायची का, हे विचारा. पहिला अहवाल चांगला येतो, म्हणून फसगत होते.

गटारीच्या दिवसांत आणखी एक ध्यानात ठेवा. शाईछत्री नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जुनी झाली की काळी शाई गळणाऱ्या काही अळंब्या एरवी निरुपद्रवी असतात. पण त्यांच्यासोबत किंवा नंतर दोन-तीन दिवसांत दारू घेतली की चेहरा लाल होतो, धडधड आणि उलट्या सुरू होतात.

ओळखीची अळमीही त्याच दिवशी, पंधरा-वीस मिनिटं नीट शिजवून खावी. सगळी न काढता थोड्या छत्र्या उमलू द्याव्यात आणि वारूळ खणू नये. घरटं मोडलं की त्या जागी पुढच्या वर्षी काही येत नाही.

प्रश्न : वडिलांना स्टेंट बसवला आहे, रक्त पातळ होण्याची गोळी सुरू आहे. ओळखीच्या एकाने रेशी आणि कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूल दिल्या, म्हणाले रक्तदाब, साखर, गाठी सगळ्यावर चालतात. द्यायच्या का? खरा माल कसा ओळखायचा? (एक वाचिका, अलिबाग)

वडिलांना देऊ नका. रेशी रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिनच्या जोडीला ती घेतली तर हिरड्यांतून, नाकातून, वाईट प्रसंगी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. उलटी चूकही होते : कॅप्सूल सुरू केली म्हणून घरचे गोळी थांबवतात. स्टेंटनंतरची गोळी हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता एक दिवसही बंद करायची नसते.

रेशी ही पूर्व आशियात शेकडो वर्षं वापरात असलेली औषधी अळंबी. चिनी औषधकोशात वाळवलेल्या रेशीची दिवसाची मात्रा ६ ते १२ ग्रॅम, तीही काढा करून. तिच्यात दोन गोष्टी कामाच्या : गरम पाण्यात उतरणारे बीटा-ग्लुकन आणि मद्यार्कात उतरणारे कडू ट्रायटर्पिन. प्रतिकारशक्तीवर तिचा काही परिणाम दिसतो, पण कर्करोगावर मुख्य उपचार म्हणून वापरावी इतका पुरावा नाही. तशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यात बसत नाही. रेशीची कच्ची पावडर महिनोन्‌महिने घेतलेल्यांत यकृत बिघडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, म्हणून धडधाकट माणसानेही सुरू करण्याआधी आणि दोन महिन्यांनी यकृताची तपासणी करावी.

डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर १४ अंकी अन्न परवाना असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना असावी लागते. पुढच्या बाजूला मधुमेह बरा होतो आणि मागे ही सूचना, असा डबा असेल तर विकणाऱ्याने काय विकलं ते तुम्हाला कळलंच. मग 'फळअंग' की 'मायसेलियम' ते पाहा. फळअंग म्हणजे प्रत्यक्ष अळंबी, बाहेर दिसणारी छत्री. मायसेलियम म्हणजे बुरशीचे तंतू. ते तांदूळ किंवा ज्वारीवर वाढवतात आणि बहुतेकदा धान्यासकटच दळतात. पावडरीत धान्य किती ते घरी पाहता येतं : चिमूटभर पावडर कोमट पाण्यात कालवून निवल्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर त्यात पिठूळ धान्य बरंच आहे. अळंबीत स्टार्च नसतो, त्यामुळे निव्वळ फळअंगाची पावडर तपकिरीच राहते. रंग बदलला नाही एवढ्यावरून ती रेशीच आहे असं मात्र सिद्ध होत नाही. रेशी कडू असते. काढा गोडसर किंवा बेचव लागला तर पैसे परत मागा.

कॉर्डिसेप्सचं थोडक्यात : उत्तराखंडच्या उंच कुरणांवर मिळणारी कीडाजडी, म्हणजे हिमालयातलं कॉर्डिसेप्स, इतकी महाग असते की शे-दोनशे रुपयांच्या डबीत ती असणं शक्य नाही. बाजारात असते ती प्रयोगशाळेत वाढवलेली दुसरी जात, मिलिटारिस. ती वाईट नाही, पण तिला हिमालयाचं नाव लावू नये.

याच अनुषंगाने एक. नारळाच्या बुंध्यावर येणारं तांबूस, लाखेसारखं चकचकीत अळंबं रेशीच्याच कुळातलं असतं. काही जण ते वाळवून ठेवतात. त्याची नेमकी जात नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, तेव्हा काढ्याला वापरू नये. शिवाय ते माडाच्या मूळकुजीचं लक्षण आहे. अळंबं काढून जाळा, बुंध्यापासून चार फुटांवर दोन फूट खोल, एक फूट रुंद चर खणा आणि माडाला वर्षाला ५ किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून द्या. चर खणला नाही तर मुळांतून बुरशी शेजारच्या माडाला लागते.

प्रश्न : सव्वा वर्षाच्या नातवाचं तोंड आलंय, लाळ फार गळते. आमच्याकडे फणसअळंबं उगाळून लावायची पद्धत आहे. लावू का? (एक आजी, देवगड)

फणसअळंबं म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावर येणारी लाकडासारखी कडक बुरशी. तोंड येणं आणि लाळ गळणं यांवर कोकणात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. प्रयोगशाळेत तिच्या अर्काचे काही चांगले गुण दिसले आहेत, मुलांवरच्या नीट चाचण्या मात्र झालेल्या नाहीत. बाहेरून हिरडीला बोटभर लावण्यापुरतं ठेवावं, गिळायला चाटण म्हणून देऊ नये.

पथ्य वस्तूपेक्षा सहाणेचं जास्त. ज्या सहाणेवर चंदन, वेखंड, जायफळ सगळं उगाळलं जातं ती नको. वेगळी सहाण उकळत्या पाण्याने धुवा, उगाळायला उकळून गार केलेलं पाणी घ्या, दोन-तीन वेढे पुरेत आणि उरलेलं टाकून द्या. काही जण ते मधातून लावतात. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, बोट्युलिझम या जिवाणूच्या विषबाधेचा धोका असतो. नातू सव्वा वर्षाचा असल्याने थोडा चालेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज घुटीसुद्धा नको. वेखंडाने त्यांना उलट्या होतात आणि त्यातला असारोन हा घटकही सुरक्षित नाही.

बाजारात 'फणसअळंबं' म्हणून कुठल्याही झाडावरची बुरशी मिळते, तेव्हा ती कोणत्या झाडावरून काढली हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडूनच घ्या. ताप असेल, बाळ पाणी नाकारत असेल, तळहात-तळपायांवर फोड असतील किंवा आठवड्यात फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. लाळ अचानक वाढली आणि गिळताना रडू लागला तर त्याच दिवशी.

प्रश्न : मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो. दोन महिने सप्तरंगीच्या मुळीचा काढाही घेतोय, साखर उतरली आहे. गोळ्या कमी करू का? (एक वाचक, सावंतवाडी)

स्वतःहून नाही. सप्तरंगीची साखर उतरवण्याची क्रिया खरी आहे. तिच्यातली सॅलॅसिनॉल आणि कोटॅलॅनॉल ही द्रव्यं आतड्यातल्या पिष्ट तोडणाऱ्या विकरांना अडवतात. व्होग्लिबोज आणि अकार्बोज या गोळ्यांचं कामही हेच. म्हणूनच तिचा उपयोग भाताच्या जेवणाआधी होतो. रिकाम्या पोटी सकाळी घेतलेल्या काढ्याने फारसं काही साधत नाही. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात आंबतं, त्यामुळे वायू आणि पोटफुगी होते.

तुमच्या जोडीतला धोका ग्लिमेपिराइडचा. ती गोळी एकटीही साखर गरजेपेक्षा खाली आणू शकते, वर काढा आला की अधिक. थरथर, घाम, भूक, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इथे बरेच जण साखर खातात. पण ज्या विकराने साध्या साखरेचे तुकडे होतात त्यालाच सप्तरंगीने अडवलेलं असतं, त्यामुळे साखर किंवा गूळ वेळेवर कामी येत नाही. खिशात ग्लुकोजच हवं.

दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तारखेसह लिहा, वही घेऊन डॉक्टरांकडे जा, काढा घेत असल्याचं सांगा. गोळी कमी करायची ती त्यांच्या हिशेबाने. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी काढा थांबवा. मुळी घेताना आडवा छेद बघा, त्यावर तांबूस-केशरी वलयं दिसतात, त्यावरूनच नाव पडलं. रंगवलेला लाकडाचा भुसा पाण्यात टाकताच रंग सोडतो.

प्रश्न : सापसंदाची मुळी घरात असावी म्हणतात. साप चावल्यावर उगाळून पाजतात, पोरांच्या पोटदुखीलाही देतात. (एक वाचिका, खेड)

दोन्हीला नको. सापसंद किंवा ईश्वरी ही अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वेल. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या कॅप्सूल घेतलेल्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. कारण काय, तर चिनी नावं मिळतीजुळती असल्याने एका मुळीच्या जागी याच कुळातली दुसरी आली होती. आपल्याकडे गावागणिक नाव बदलतं, तेव्हा हा घोटाळा इथे व्हायला वेळ लागत नाही. लागलीच त्रास होत नाही, वर्षांनी होतो. त्यामुळे दोष मुळीला कोणी देत नाही.

साप चावला तर अवयव हलवू नका, अंगठी-बांगडी काढा, आवळपट्टी किंवा चिरा नको, १०८ बोलवा. नाग, मण्यार, घोणस आणि कोकणच्या कातळावर जागोजाग सापडणारं फुरसं, या चौघांवर चालणारी एकच लस असते. साप मारून नेण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : आमच्या बांधावर उपळसरी भरपूर आहे. मुळी कधी काढावी? सरबत टिकत नाही, फसफसतं. (एक वाचक, संगमेश्वर)

आधी ती उपळसरीच आहे ना ते बघा. तारेसारखी बारीक वेल, पानं समोरासमोर, पानाच्या मधल्या शिरेलगत पांढरट पट्टा, तोडलं की पांढरा चीक. मुळी चुरगाळली की गोड वास आला पाहिजे. वास नाही, तर ती उपळसरी म्हणून विकली जाणारी दुसरी वेल. पाऊस संपून माती वाफशावर आली की, साधारण कार्तिकापासून, मुळ्या काढाव्या. ओल्या मातीत त्या तुटतात आणि वाळवताना बुरशी धरतात. मुख्य मूळ ठेवून बाजूच्या मुळ्या घ्या, वेल पुन्हा फुटते.

मुळी उकळायची नाही. वास उडून जाणारा असल्याने उकळलेल्या काढ्यात नुसता तुरटपणा राहतो. एका पेल्यासाठी ५ ग्रॅम ठेचलेली मुळी २०० मिली उकळत्या पाण्यात घालून, झाकून, अर्धा तास ठेवा. सरबताला ५० ग्रॅम ठेचलेली मुळी ६०० मिली कढत पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, फडक्यातून गाळा, अर्धा लिटर मिळेल. त्यात १ किलो साखर मंद आचेवर विरघळवा, उकळी येऊ देऊ नका, शेवटी चमचाभर सायट्रिक आम्ल. तुमचं सरबत फसफसतं ते साखर कमी पडल्यामुळे. एकूण वजनाच्या दोन-तृतीयांश साखर असेल तरच यीस्टला पाणी मिळत नाही. साखर कमीच हवी असेल तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. मधुमेह्यांनी हे सरबत न घेता बिनसाखरेचा फांट, म्हणजे वर सांगितलेलं पेल्यातलं मुरवलेलं पाणी, घ्यावा.

बांधावर खणताना एक जपा. पिवळ्या-लाल ज्वाळेसारखी फुलं येणारी, पानाच्या टोकाला वळणदार तणावा असलेली वेल म्हणजे कळलावी, खड्यानाग. फुलं गेल्यावर तिचा नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला कंद कणगी या खाण्याच्या कंदांत मिसळून घरी येतो. त्यात कोल्चिसिन हे विष असतं. काही तासांत पटकीसारखे जुलाब, मग रक्तातल्या पेशी घटतात आणि आठवडा-दीड आठवड्याने केस जातात. उतारा नाही. पाऊस असतानाच, फुलावर आलेली वेल दिसली की तिथे काठी रोवून ठेवा.

प्रश्न : सूनबाई बाळंत झाली आहे. शतावरी द्यावी की अश्वगंधा? तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. (एक वाचिका, दापोली)

अश्वगंधा नको. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, गोळीची मात्रा बिघडते. गरोदरपणात तर वर्ज्यच, आणि यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. शतावरीचं चूर्ण ३ ग्रॅम दुधातून दिवसातून एकदा चालेल, तेही मुळीची साल आणि आतला धागा काढून केलेलं असेल तर. धागा राहिला की चूर्ण चोथ्यासारखं होतं आणि पोटात दुखतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : धिंगरी अळंबीचा छोटा उद्योग आहे. माल वाळतो पण चिवट राहतो. काम करताना खोकलाही येतो. (एक वाचक, गुहागर)

खोकला बीजाणूंचा आहे. छत्रीच्या कडा सपाट होऊन वर वळायच्या आत तोडणी करा, खोलीत शिरण्याआधी अर्धा तास हवा खेळती ठेवा, मास्क लावा. संध्याकाळी ताप आणि धाप लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून दाखवा, दुर्लक्ष केल्यास फुप्फुस कायमचं कडक होतं.

गुहागरच्या दमट हवेत उन्हात पूर्ण वाळणं अवघडच. आधी गिल, म्हणजे छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांची बाजू, वर करून दुपारी अकरा ते एक उन्हात ठेवा, यात ड-२ जीवनसत्त्व तयार होतं. मग ४५ ते ५५ अंशांच्या ड्रायरमध्ये घाला. १० किलो ताज्यातून साधारण १ किलो सुका माल यायला हवा. सव्वा-दीड किलो आला तर तो वाळलेलाच नाही. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. गरम असताना डबा बंद केला की आत दव धरतं आणि पंधरा दिवसांत बुरशी येते, म्हणून पूर्ण निवल्यावर, तासाभरात, हवाबंद करा.